शेजाऱ्याची ढाल

अथेन्सच्या प्राचीन चौकाचे उत्खनन चालू असता १९३६ साली एका बुजलेल्या टाक्यातून काशाची एक ढाल वर काढण्यात आली. ढाल म्हणण्यापेक्षा ढालीवर मढविलेला पत्रा म्हणणे अधिक यथार्थ; कारण आतले लाकूड केव्हाच कुजून मातीला मिळाले होते आणि जंगाने सारा पृष्ठभाग खाऊन टाकला होता. तथापि त्या पत्र्यावर ठोकून उमटविलेली अक्षरे लागत होती, आणि त्यांतून एवढाच मजकूर निघत होता की, अथेन्सच्या लोकांनी ही ढाल पायलॉस येथे लॅसिडिमोनच्या लोकांकडून, म्हणजेच स्पार्टाच्या फौजेकडून, हस्तगत केली. हा प्रसंग इ. स. पू. ४२५ मधला. पायलॉससमोरच्या स्फॅक्टीरिया नामक चिंचोळ्या बेटावर स्पार्टाच्या बाजूचे ४२० जड हत्यारांचे शिपाई कोंडले गेले. त्यांपैकी २९२ जिवंत शत्रूच्या हाती लागले आणि त्यांत सुमारे १२० खुद्द स्पार्टाचे अस्सल नागरिक होते. स्पार्टाचा माणूस मरेल पण हत्यार खाली ठेवणार नाही, अशी साऱ्या ग्रीसची खात्री असल्यामुळे या शरणागतीने तो मुलूख जेवढा थक्क झाला, तेवढा अथेन्स व स्पार्टा यांच्यातील त्या दीर्घ युद्धातील दुसऱ्या कोणत्याही वार्तेने झाला नाही. विजयी अथेन्सने त्या ढाली चौकालगतच्या चित्रमंडपात टांगल्या, आणि पुढे जवळजवळ सहाशे वर्षांनी पॉसेनियस हा प्रवासी तेथे आला तेव्हा, काळाने खाऊ नयेत म्हणून डांबर फासून ठेवलेल्या त्यांतल्या ढाली त्याला दाखविण्यात आल्या.

मिरवायला ढालीच का निवडल्या असाव्यात, याचे उत्तर प्लूटार्कने नोंदविलेल्या एका संभाषणात सापडते. स्पार्टाचा पदच्युत राजा डिमॅरॅटस याला कोणी विचारले की, शिरस्त्राण वा चिलखत टाकून आलेल्याला तुम्ही नावे ठेवीत नाही, मग ढाल टाकणाऱ्याचीच एवढी बेअब्रू का करता? त्यावर तो म्हणाला की, त्या वस्तू माणूस स्वतःसाठी अंगावर चढवितो, ढाल मात्र साऱ्या फळीसाठी धरतो. ग्रीक पायदळाविषयी पुष्कळ वाचून झाल्यावरही मला वारंवार या उत्तरापाशी परत यावेसे वाटते. तीनशे वर्षे ज्या पायदळापुढे भूमध्यसमुद्राच्या पूर्वेकडील एकही पायदळ समोरासमोर टिकले नाही, त्याचे बळ, त्याचे दोष, त्याची राज्यव्यवस्था आणि त्याचा अंत, ही सर्व त्या एका लाकडी वर्तुळातून उलगडत जातात, असे माझे मत आहे.

ही ढाल तत्पूर्वीच्या ढालींहून निराळी होती. व्यास सुमारे दोन हात, आकार उथळ परातीसारखा खोलगट, काठ रुंद व सपाट. आत पॉप्लर किंवा वाळुंज यांसारख्या हलक्या, चिवट लाकडाच्या फळ्या सांधून घोटलेले अंग, बाहेर पातळ काशाचा पत्रा किंवा निदान काशाची कड, आणि वजन सहा-सात किलो. पूर्वीच्या ढालींना मध्यभागी एकच मूठ असे, किंवा त्या गळ्यातील पट्ट्याने पाठीवर टाकता येत. या नव्या ढालीला मध्यभागी काशाचा रुंद कडा होता, त्यातून डावा हात कोपरापर्यंत आत जाई, आणि कडेजवळ दोरीची एक मूठ होती ती पंजाने आवळून धरीत. या योजनेमुळे ढालीचे ओझे मनगटाऐवजी दंडावर आणि, खोलगट आकारामुळे, खांद्यावरही टेकविता येऊ लागले. परंतु त्याच योजनेमुळे ती मनास येईल तशी फिरविता येईना. कोपर मध्यभागी अडकल्यामुळे ढालीचा अर्धा भाग धारकाच्या छातीपुढे राही आणि उरलेला अर्धा डावीकडे मोकळ्या हवेत पसरे. एकट्या माणसाला त्या डाव्या अर्ध्या भागाचा काडीमात्र उपयोग नव्हता, आणि ज्या उजव्या अंगाने भाला चालवायचा ते अंग तर उघडेच राही. मात्र त्याच्या डाव्या हाताला दुसरा माणूस उभा केला की त्या निरुपयोगी अर्ध्या भागाखाली त्या दुसऱ्याचे उघडे उजवे अंग झाकले जाई. अशी माणसे खांद्याला खांदा लावून उभी राहिली म्हणजे जी रांग होई, तिला ग्रीक लोक ‘फॅलँक्स’ म्हणत. या शब्दाचा मूळ अर्थ लाकडाचा ओंडका. आपल्या बखरींत सैन्याच्या रांगेला ‘फळी’ म्हणतात, फळी धरली, फळी फुटली असे शब्दप्रयोग आपण आजही करतो, तेव्हा या दोन शब्दांत व्युत्पत्तीचे नाते नसले तरी दोन दूरच्या देशांतील शिपायांना एकाच लाकडाची आठवण व्हावी, याचे मला फार नवल वाटते.

ही फळी केव्हा जन्मास आली याविषयी विद्वानांत जुना वाद आहे. आर्गॉस येथे १९५३ साली उघडलेल्या एका थडग्यात इ. स. पू. आठव्या शतकाच्या अखेरचे काशाचे चिलखत व शिरस्त्राण सापडले. म्हणजे सामग्री तेव्हा सिद्ध होऊ लागली होती. पुढे सुमारे इ. स. पू. ६५० ते ६४० च्या दरम्यान कॉरिंथमध्ये घडलेला आणि इटलीत व्हेई नगरीजवळ सापडलेला एक लहानसा मद्यकुंभ आहे, तो ‘किजी कुंभ’ या नावाने प्रसिद्ध असून आज रोमच्या एका वस्तुसंग्रहालयात ठेवलेला आहे. त्यावर दोन फळ्या एकमेकींवर चालून येताना दाखविल्या आहेत, पावले जुळलेली आहेत, भाले उगारलेले आहेत, आणि शिपायांच्या मध्ये एक कोवळा मुलगा मान मागे टाकून, गाल फुगवून दुहेरी पावा वाजवीत आहे. त्या मुलाच्या अंगावर चिलखत नाही, हातात हत्यार नाही. पावले एका ठेक्यात पडली नाहीत तर ढालींची सांधण उसवेल, हे तत्त्व त्या चित्रकाराच्या काळी स्थिर झाले होते, एवढे तरी त्यावरून निश्चित म्हणता येते.

आता ही ढाल धरणारा माणूस कोण, हे पाहिले पाहिजे. ‘हॉप्लाइट’ हे त्याचे नाव ‘हॉप्ला’ म्हणजे हत्यारे या शब्दापासून आले, आणि ती हत्यारे तो स्वतःच्या पदरच्या पैशाने आणीत असे. मराठ्यांच्या फौजेत सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर आणि स्वतःचे घोडे-हत्यार घेऊन येणारा तो शिलेदार, हा भेद वाचकांस परिचित आहे. हॉप्लाइट हा पायदळातला शिलेदार होय. सोलनने इ. स. पू. सहाव्या शतकाच्या आरंभी अथेन्सच्या नागरिकांची उत्पन्नावरून चार वर्गांत प्रतवारी केली, तीत तिसरा वर्ग वर्षाला २०० मापे धान्य वा तेल-मद्य पिकविणाऱ्यांचा होता, आणि त्या वर्गाच्या नावाचा अर्थ ‘जुवाचे लोक’ असा होतो. ज्याच्या दारी बैलजोडी आहे तो, असा एक पक्ष या नावाचा अर्थ लावतो. रांगेत शेजाऱ्याबरोबर एका जुवाला जुंपलेला तो, असा दुसरा पक्ष लावतो. दोहोंपैकी कोणताही पक्ष खरा मानला तरी माणूस एकच निघतो: जव पेरणारा, ऑलिव्हची झाडे राखणारा, पेरणी-कापणीच्या मधल्या दिवसांत भिंतीवरची ढाल उतरवून तिचे कातडी आच्छादन काढणारा मध्यम कुणबी. ॲरिस्टॉटलने आपल्या राज्यशास्त्रात असे प्रतिपादन केले आहे की, ज्या काळी घोडदळावर भिस्त होती त्या काळी राज्य सरदारांच्या हाती होते, आणि जड हत्यारांच्या पायदळाचे बळ वाढले तसतसा राज्यकारभारातील वाटेकऱ्यांचा विस्तार झाला. राज्यरक्षणाचे ओझे ज्याच्या दंडावर त्याचा शब्द सभेत ऐकावा लागणार, हा न्याय सरळ आहे.

ढालींचा धंदाही मोठा होता. सिरॅक्यूजहून येऊन अथेन्सजवळ स्थायिक झालेल्या सेफॅलसच्या घराण्याचा ढाली करण्याचा कारखाना होता. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’ या ग्रंथातील संवाद ज्या घरी घडतो ते घर या घराण्याचेच. इ. स. पू. ४०४ मध्ये तीस जणांच्या जुलमी मंडळाने त्या घराण्याची जप्ती केली, त्या वेळी ७०० ढाली व १२० गुलाम मिळाल्याची तक्रार सेफॅलसचा मुलगा लिसियस याने न्यायासनापुढील आपल्या भाषणात नमूद केली आहे. स्वतंत्र नागरिकाच्या मानचिन्हावर हात फिरले ते गुलामांचे, ही गोष्ट त्या नोंदीतून सहज बाहेर येते. मोहिमेवर निघताना ढाल वाहून नेणाराही बहुधा गुलामच असे. मोहिमेची शिधोरी कशी असे ते ॲरिस्टोफेनिसच्या नाटकांवरून कळते: ओव्याच्या जातीची सुगंधी पाने घातलेले मीठ, कांदे, अंजिराच्या पानात गुंडाळलेले खारे मासे, आणि सर्व मिळून तीन दिवसांची बेगमी. तीन दिवसांच्या आत निकाल लागावा आणि चौथ्या दिवशी शेतावर परतावे, अशा हिशेबाने ही युद्धे होत असत.

अशा युद्धाचे सर्वांत बारकाईचे वर्णन थ्यूसिडिडीझने केले आहे. इ. स. पू. ४१८ मध्ये मँटिनीयाच्या सपाटीवर स्पार्टाचा राजा एजिस आणि आर्गॉस, मँटिनीया व अथेन्स यांची संयुक्त फौज समोरासमोर उभी ठाकली. स्पार्टाचे लोक आपली संख्या गुप्त ठेवीत, म्हणून या इतिहासकाराने त्यांच्या तुकड्यांची उतरंड मोजून, प्रत्येक लहान तुकडीची चार-चार माणसे पुढील रांगेत धरून, पहिल्या रांगेत ४४८ माणसे होती व मागे बहुधा आठ रांगा होत्या असा हिशेब मांडला. आर्गॉसचे लोक त्वेषाने धावत सुटले. स्पार्टाचे लोक अनेक पावेवाल्यांच्या सुरावर संथ चालत आले, आणि या पाव्यांचा धर्माशी काही संबंध नसून मोठी सैन्ये चालताना विस्कळित होतात तसे होऊ नये एवढ्यासाठीच ते होते, असे तो मुद्दाम बजावून सांगतो. त्यानंतर तो जे लिहितो ते युद्धशास्त्रातील अत्यंत मार्मिक निरीक्षणांपैकी एक आहे. प्रत्येक फौज पुढे सरकताना उजवीकडे झुकते. कारण भयाने प्रत्येक शिपाई आपले उघडे अंग उजव्या शेजाऱ्याच्या ढालीखाली जितके लोटता येईल तितके लोटतो, आणि ढाली जितक्या घट्ट भिडतील तितका बचाव अधिक असे मानतो. या झुकण्याचे मूळ उजव्या टोकाचा पहिला माणूस असतो. त्याला झाकायला कोणी नसल्यामुळे तो शत्रूच्या हत्यारापासून आपले अंग सतत दूर नेऊ पाहतो आणि त्याच्या मागोमाग सारी फळी ओढली जाते. त्या दिवशीही दोन्ही फौजा आपापल्या उजवीकडे सरकत गेल्या. आपली डावी बगल वेढली जाणार हे पाहून एजिसने ऐन वेळी डावीकडच्या लोकांना आणखी डावीकडे सरकण्याचा आणि मधली जागा भरण्यासाठी दोन सरदारांना पथकांसह उजवीकडून येण्याचा हुकूम दिला. ते दोघे जागचे हलले नाहीत, मध्ये खिंडार पडले आणि त्यातून शत्रू घुसला. तरीही स्पार्टाच्या उर्वरित फळीने समोरच्यांना उधळून लावले व लढाई जिंकली. त्या दोन सरदारांना पुढे भित्रेपणाच्या आरोपावरून हद्दपार करण्यात आले.

हजारो माणसांच्या सैन्याची दिशा एका टोकाच्या एका माणसाच्या उघड्या बरगडीने ठरावी, हे वाक्य लिहिताना क्षणभर थांबावे असे वाटते. या भयाची लाज ग्रीकांना वाटत नसे. ते त्याचा उच्चार करीत. युरिपिडिसच्या हेराक्लिसवरील नाटकात भाला श्रेष्ठ की धनुष्य श्रेष्ठ असा वाद घातला आहे, आणि त्यात हेराक्लिसचा वृद्ध पिता धनुष्याचा कैवार घेताना म्हणतो की, जड हत्यारांचा शिपाई हा आपल्या हत्यारांचा गुलाम असतो आणि शेजारचे धैर्यवान नसले तर त्यांच्या भ्याडपणापायी तो मरतो. अथेन्सचा अठरा वर्षांचा तरुण सैनिकी तालमीत दाखल होताना जी शपथ घेई, तिच्या चौथ्या शतकातील शिलालेखात, रांगेत आपल्या शेजारी जो उभा असेल त्याला मी सोडणार नाही, हे वचन अगदी आरंभीच येते. आणि ढाल टाकून पळाल्याचा गुन्हा शाबीत झाला तर नागरिकत्वाचे हक्क जात. इतकेच नव्हे तर हा आरोप एखाद्यावर खोटा केल्यास अब्रूनुकसानीची फिर्याद होऊ शके. आर्किलोकस नावाच्या जुन्या कवीने थ्रेसमध्ये झुडपाजवळ आपली ढाल टाकून जीव वाचविल्याचे उघड उघड पद्यात सांगितले. परंतु तसे सांगणारे फार थोडे, आणि म्हणूनच ते इतकी शतके लोकांच्या ध्यानात राहिले.

फळ्या भिडल्यानंतर नेमके काय होई, मागच्या रांगा पुढच्यांना ढालींनी प्रत्यक्ष रेटीत की केवळ धीर देत उभ्या राहत, याविषयी आजचे अभ्यासक हिरिरीने भांडतात. सैन्याची खोली ग्रीक लोक माणसांत मोजीत नसत, ढालींत मोजीत, ही गोष्ट मला तरी बोलकी वाटते. इ. स. पू. ४२४ मध्ये डेलियम येथे थीब्जचे लोक पंचवीस ढाली खोल उभे राहिले, अथेन्सचे आठ. दोन्ही बाजूंस जड हत्यारांचे सुमारे सात-सात हजार. अथेन्सच्या उजव्या बगलेने समोरच्यांना वेढले, आणि वेढता वेढता दोन टोके समोरासमोर आल्यावर त्या धुळीत व शिरस्त्राणांच्या आड आपल्याच माणसांना न ओळखून एकमेकांना मारले. डाव्या बगलेला थीब्जच्या पंचवीस ढाली पावलापावलाने मागे लोटीत गेल्या. इतक्यात थीब्जचा सेनापती पॅगोंडस याने टेकडीआडून वळवून पाठविलेली घोड्यांची दोन पथके अकस्मात दिसली, दुसरी फौजच आली असे वाटून जिंकलेली बगलही फुटली, आणि सेनापती हिपोक्रॅटिससह अथेन्सचे जवळजवळ एक हजार हॉप्लाइट पडले. त्या पळापळीत एक गृहस्थ मात्र पळत नव्हता. मित्र-शत्रूंकडे शांतपणे नजर टाकीत तो लॅकीज सेनापतीबरोबर चालत निघाला होता आणि त्याचा तो आविर्भाव पाहून कोणी त्याच्या वाटेस गेले नाही. तो सॉक्रेटिस. घोड्यावरून मागे राहिलेल्या अल्सिबायडिसने ते पाहिले, आणि प्लेटोने ते त्याच्या तोंडी घालून ठेवले.

ज्या काळी ही फळी पराकोटीला पोहोचली तो काळ इराणी स्वाऱ्यांचा. हिरोडोटस सांगतो की, मार्डोनियस या सरदाराने इराणच्या दरबारात ग्रीकांची निर्भर्त्सना केली होती: हे लोक सर्वांत सपाट मैदान शोधून त्यावर समोरासमोर भिडतात, त्यामुळे जिंकणारेही पुष्कळ माणसे गमावतात, हरणाऱ्यांचे तर बोलायलाच नको. त्याच मार्डोनियसला इ. स. पू. ४७९ मध्ये प्लाटीयाच्या मैदानात त्या रीतीचा अनुभव घ्यावा लागला. येथे आपल्या देशाचा खराखुरा संबंध येतो. इराणचा राजा झर्क्सिस याच्या सैन्यात सिंधुनदाच्या प्रांतातून आलेले हिंदी शिपाई होते. झाडापासून झालेल्या वस्त्रांचे, म्हणजे कापसाचे, कपडे त्यांच्या अंगावर होते, धनुष्ये वेताची आणि बाणही वेताचे, टोकाला लोखंड. राजा परत फिरला तेव्हा मार्डोनियसने निवडून मागे ठेवून घेतलेल्यांत हे हिंदी होते, आणि प्लाटीयाला ते हर्मायनी, एरिट्रिया, स्टायरा व कॅल्किस या गावांच्या लोकांसमोर उभे होते. सुती अंगरख्यातले हे तिरंदाज आणि काशाने मढलेले ते कुणबी समोरासमोर उभे आहेत, हे चित्र आपल्या शाळांतील इतिहासात कधी येत नाही. ते यावयास हवे.

ग्रीकांचे जड पायदळ त्या दिवशी, हिरोडोटसच्या मोजणीप्रमाणे, ३८,७०० होते. ऐन लढाईच्या आरंभी स्पार्टाच्या लोकांना बळीचे शकुन अनुकूल मिळेनात, आणि शकुन मिळेपर्यंत हुकूम नाही म्हणून ते बाणांच्या वर्षावाखाली ढाली पुढे करून नुसते बसून राहिले. कॅलिक्रॅटिस नावाचा, साऱ्या ग्रीक सैन्यात देखणा म्हणून गाजलेला शिपाई आपल्या जागी बसलेला असतानाच कुशीत बाण लागून मरू लागला, तेव्हा ग्रीससाठी मरतो याचे त्याला दुःख नव्हते, हात न चालविता मरतो याचे होते. शकुन मिळाल्यावर फळी उठली. इराण्यांनी वेताच्या ढालींचा कूड रचला होता तो पडला, आणि मग इराणी लोक एकेक, दहा-दहा करून फळीवर तुटून पडू लागले. भाले हातांनी धरून मोडू लागले. धैर्याने आणि बळाने ते कमी नव्हते, त्यांच्या अंगावर चिलखत नव्हते आणि त्यांना ही कवाईत नव्हती, असा निर्वाळा खुद्द हिरोडोटसने दिला आहे. शत्रूविषयी इतका न्याय्य शब्द लिहिणारा इतिहासकार कोणत्याही देशाला भूषण आहे.

परंतु त्याच इतिहासकाराच्या मोजणीत एक दुसरा आकडा आहे. स्पार्टाचे ५,००० नागरिक या रणात होते आणि त्यांतील प्रत्येकाबरोबर सात हेलॉट, म्हणजे ३५,००० भूदास होते. त्यांनी काय केले, कसे लढले, याविषयी आपल्याला जवळजवळ काहीच सांगितलेले नाही. लढाईनंतर स्पार्टाने तीन थडगी बांधली त्यांतले एक त्यांचे होते, एवढे कळते. डेलियमलाही मेलेल्या हॉप्लाइटांचा आकडा मिळतो, हलक्या हत्यारांचे शिपाई व ओझेवाले ‘पुष्कळ’ मेले एवढ्यावर भागविले जाते. ढाल विकत घेण्याची ऐपत नसलेला माणूस गोफण, दगड, भालाफेक यांनी लढे, आणि इतिहासाच्या दप्तरात त्याची वेगळी नोंद होत नसे. ज्या फळीचे बंधुत्व मी वर वाखाणले, त्या बंधुत्वाची हद्द तिच्या शेवटच्या ढालीपाशी संपत होती, हे झाकून ठेवणे इतिहासाशी प्रतारणा होईल. या बेहिशेबी लोकांनीच पुढे फळीचा कमकुवतपणा उघड केला. स्फॅक्टीरियाला स्पार्टाचे लोक हरले ते त्यांच्यासारख्या शिपायांकडून नव्हे. बाण, दगड आणि फेकभाले यांनी दुरून हैराण करणाऱ्या, अंगावर धावून गेले असता पळणाऱ्या व वळले असता परत येणाऱ्या हलक्या शिपायांकडून हरले. इ. स. पू. ३९० मध्ये कॉरिंथजवळ लेकीअम येथे इफिक्रॅटिसने अशाच हलक्या शिपायांच्या साहाय्याने सहाशेच्या एका स्पार्टन पथकाची वाताहत करून त्यांतील सुमारे २५० मारले.

फळीच्या अंगी जो उपजत दोष होता, तो शस्त्रासारखा वापरण्याची बुद्धी मात्र थीब्जच्या एपॅमिनाँडसला सुचली. प्रत्येक सैन्य उजवीकडे झुकते, म्हणून प्रत्येक राजा आपले निवडक लोक मानाच्या उजव्या बगलेस ठेवतो, आणि दोन्हीकडच्या उजव्या बगला समोरच्या दुबळ्या डाव्या बगला फोडतात, हा शतकांचा शिरस्ता होता. इ. स. पू. ३७१ मध्ये ल्यूक्ट्रा येथे त्याने आपले उत्तम लोक डावीकडे घातले, पन्नास ढाली खोल रचले, उरलेली फळी मागे राखली, आणि तो सारा भार स्पार्टाचा राजा क्लिऑम्ब्रोटस ज्या ठिकाणी बारा ढालींच्या आत उभा होता तेथेच नेऊन आदळविला. पेलॉपिडसच्या हाताखालील तीनशेंचे ‘पवित्र पथक’ त्या मुसंडीत होते. राजा पडला; रणात असलेल्या ७०० अस्सल स्पार्टन नागरिकांपैकी ४०० पडले. झेनोफनसारख्या समकालीन लेखकाने या लढाईच्या वृत्तांतात एपॅमिनाँडसचे नावही घेतलेले नाही, ही त्या थोर लेखकाची उणीव मला नेहमी बोचते. परंतु पुढचा प्रसंग त्यानेच जतन केला आहे. वार्ता स्पार्टात पोचली तेव्हा तेथे उत्सव चालू होता. अधिकाऱ्यांनी गायकवृंदाला थांबू दिले नाही, मृतांची नावे त्यांच्या घरी कळविली आणि स्त्रियांना आकांत न करण्याची ताकीद दिली. दुसऱ्या दिवशी ज्यांची माणसे मेली होती ते प्रसन्न मुद्रेने रस्त्यांतून वावरत होते, आणि ज्यांची जिवंत असल्याचे कळले होते ते खाली माना घालून हिंडत होते.

ही विद्या थीब्जमध्ये ओलीस म्हणून राहिलेल्या एका राजपुत्राने पाहून घेतली. तो मॅसिडोनियाचा फिलिप. त्याने शिपायाच्या दोन्ही हातांत सुमारे चौदा हातांचा ‘सारिसा’ नामक लांब भाला दिला आणि ढाल लहान करून गळ्यातील पट्ट्याने खांद्यावर अडकविली. पॉलिबियसने याचे गणित मांडले आहे: भाल्याचे चार हात पकडीत व मागील तोलात जातात, दहा हात पुढे राहतात, रांगांत दोन-दोन हातांचे अंतर, म्हणून पहिल्या शिपायापुढे एकूण पाच टोके शत्रूच्या दिशेने उभी असतात. हे पायदळ फिलिपचा मुलगा सिकंदर याच्याबरोबर झेलमच्या काठी आले आणि इ. स. पू. ३२६ मध्ये पोरसच्या हत्तींपुढे उभे राहिले. ते पुढे इ. स. पू. १६८ मध्ये पिडना येथे, खडबडीत जमिनीने फळीत पाडलेल्या भेगांतून शिरलेल्या रोमन आखूड तलवारींखाली संपले. ते अधिक समर्थ होते यात शंका नाही. पण त्यातल्या शिपायाला उजव्या शेजाऱ्याच्या ढालीची गरज उरली नव्हती, त्याचे हत्यार राजाने दिलेले होते, त्याला राजाचा पगार होता, आणि मोहीम तीन दिवसांच्या शिध्याची नसून दहा-दहा वर्षांची होती. शिलेदार गेला, बारगीर आला.

जुन्या फळीची आणि या नव्या भाल्यांची गाठ इ. स. पू. ३३८ मध्ये बिओशियातील किरोनिया येथे पडली. अथेन्स आणि थीब्जचे नागरिक एका बाजूला, फिलिप आणि त्याचा अठरा वर्षांचा मुलगा दुसऱ्या बाजूला. थीब्जचे पवित्र पथक त्या दिवशी जागचे हलले नाही व जागीच कापले गेले. त्या मैदानात रस्त्यालगत दगडी सिंहाचे तुकडे शतकानुशतके पडून होते. एकोणिसाव्या शतकात तेथील कुंपणबंद जागा उकरली असता आत २५४ सांगाडे मिळाले, आणि ते त्या पथकाचेच असावेत असे बहुतेक विद्वान मानतात. ते सांगाडे सात रांगांत, एकाशेजारी एक, असे निजविलेले होते. १९०२ साली तो सिंह पुन्हा जोडून उभा करण्यात आला; आज तो त्याच जागी आहे.